सरकीचं नख

सीतादही होऊन आठ दिवस झाले असतील.
पहिल्या वेच्याचा कापूस आतल्या खोलीत,
आणि सरकी त्या ढिगावर झोपायची.
दिसायचे फक्त दोन कान,
तेही कापसाचेच वाटायचे.

त्या रात्री ती तीन पायांवर आली.
सारवलेल्या ओसरीवर लाल ठिपके,
रांगोळीआधी मोजून द्यावेत तसे,
थेट चुलीपर्यंत.
कुत्रा नव्हता, बोरीचा काटाही नव्हता.
बारदान्याच्या सुतळीत अडकलं होतं नख,
तिनं पाय ओढला
आणि अर्धं तिथंच राहिलं.
सकाळी मला सापडलं,
ज्वारीच्या फोलाएवढं,
आतून पोकळ.

पिशवीत घालून तिला मारेगावला नेलं.
काळीपिवळीत ती ओरडली नाही,
पिशवी हलली तेव्हा शेजारची बाई ओरडली.
गुरांचे डॉक्टर लस टोचायला गेलेले,
पट्टीबंधक गेडामभाऊ तेवढे टेबलापाशी.
"बैलाचं खूर असतं त बांधून देल्लं असतं.
मांजरीच्या नखाचा रकाना नाही व बाई रजिस्टरात."
मग चष्मा पुसून त्यांनीच पंजा हातात घेतला,
बराच वेळ धरून बसले.
"आतली नस उघडी पडली.
मिठाचं कोमट पानी, दोन टाइम.
रगत आलं त तुरटीची पूड.
हयद लावू नोको, थे चाटून घेते.
आन् चार दिवस मातीत जाऊ देऊ नोको."

मातीत जाऊ देऊ नको!
आमच्या गावात हे कोणी कोणाला
आजवर सांगितलं नसेल.
रजिस्टरात त्यांनी लिहिलं:
वासरू, एक. पाय.

तुरटी मागायला गेले
तर उकंडराव पेटी घेऊनच घरी आला.
"लोंबते तेवढं काढा लागन," म्हणाला,
"नाही त पुन्हा अडकन कोठी."
नराणी त्यानं शर्टाला पुसली.
"नवरदेवाची काढली, तान्ह्या लेकराची काढली,
हे गिऱ्हाईक पह्यलंच."
जुन्या दुपट्ट्यात सरकीची वळकटी केली,
एक पंजा बाहेर.
बोटाच्या गादीवर हळू दाबलं की
नख आपणहून पुढं येतं,
हे मला तेव्हा कळलं.
नऊ वर्षं ती या घरात आहे.

खट्.
तिनं माझा अंगठा चावला.
चावू दिला.
"काय देऊ?" विचारलं, तर उकंडराव म्हणे,
"मिशा कराले आणजो, तवा एकदमच घेतो."

चार दिवस ती खोलीत, बाहेरून कडी.
राखेऐवजी वर्तमानपत्र अंथरलं,
तर त्याच्याकडे तिनं अशी पाहिली
जशी मी तिचं काही चोरलंय.
कापसात उंदीर खुडबुडायचे,
तिचे कान फिरायचे,
पाय टेकायचा, उचलायचा.

संध्याकाळी वाटीत तिचा पंजा बुडवायचा,
शंभर आकडे मोजायचे.
चाळिसाच्या पुढं ती कधी थांबली नाही.
तिसऱ्या दिवशी उरलेलं पाणी
फेकायला उठले, तर कोमट होतं अजून.
दिवसभर वेचा केलेला.
बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा
सोलल्या होत्या, दरवर्षी सोलतात,
त्याला कोणी जखम म्हणत नाही, मीही.
पाचही बोटं वाटीत बसेनात.
दोन दोन करून बुडवली.
असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं,
आणि मी मोजायला लागले.
सरकी समोर बसून पंजा चाटत होती.
चाटू नको म्हटलं होतं तिला.

नव्वदला लाइट गेली.

पुढं पौष लागला, कापूस विकला.
एका रात्री आतून आवाज आला,
खर्र, थांबून पुन्हा खर्र.
तेच बारदान, तीच सुतळी.
उठून हाकलावं असं वाटलं.
मग कूस बदलली,
आणि चारी पायांचा आवाज
मोजत पडून राहिले.